बारकीच्या खोलीची भिंत

"ओल दिसत नाही कुठंच," बोटाच्या पेरानं भिंतीवर टकटक करत व्हॅल्युअर म्हणाला.

"नावालासुद्धा सापडणार नाही," रंगारी म्हणाला. "बाहेरची चीर बुजवलीय. वरच्यांच्या बाथरूमचा पाइप बदलून घेतलाय. गिलावा पार विटेपर्यंत खरवडून नव्यानं केलाय. हात फिरवून बघा साहेब, संकोच करू नका."

साहेबांनी हात फिरवला, मान डोलावली आणि हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलं. रंगाऱ्याला हुरूप आला. खिडकीच्या चौकटी, दारांचं पॉलिश, स्वयंपाकघराचं छत, सगळं तो हौसेनं दाखवत सुटला. कोणी भिंतीला हात लावून मान डोलावली की त्याची जीभ आपोआप सुटायची. गिऱ्हाइकांसमोर ही सवय त्याला कामं मिळवून देत आली होती.

दारात मुलीची आई हाताची घडी घालून उभी होती. अलीकडे तिला काय म्हणायचं, हाच त्याच्यापुढं प्रश्न असे. 'बायको' म्हणायची सोय दोन महिन्यांपूर्वी कोर्टानं काढून घेतली होती, आणि नावानं हाक मारायची तर जीभ अडखळायची. म्हणून ती मुलीची आई. ती त्याच्याकडे एकटक बघत होती. त्याला वाटलं, ती चकित झालीय. तिच्या डोळ्यांत काय आहे हे ओळखण्यात तो संसाराची सगळी वर्षं चुकत आला होता, तेव्हा आजही चुकला यात नवल नाही.

घटस्फोट तसा शहाण्यासारखा झाला होता. आदळआपट नाही, आरोप नाहीत. घर दोघांच्या नावावर होतं, म्हणून ठरलं ते असं: दोघांनाही चालेल अशा माणसाकडून घराची किंमत करून घ्यायची, तिनं तीन महिन्यांत त्याला निम्मी रक्कम द्यायची आणि त्यानं हक्कसोडपत्र करून द्यायचं. मग घर तिचं आणि बारकीचं. तिला तेवढे पैसे उभे करता आले नाहीत, तर घर बाजारात विकून वाटणी. बँकेनं तिच्या पगारावर किती कर्ज मिळेल ते सांगितलं होतं. पोपडे आलेल्या भिंती आणि बारकीच्या पलंगामागचा काळा डाग धरून घराची जी किंमत झाली असती, तिचा निम्मा भाग त्या कर्जात जेमतेम बसत होता. जेमतेमच.

आणि अशा घराला या पठ्ठ्यानं पंधरा दिवस खपून नवंकोरं करून ठेवलं होतं.

तिनं सांगितलं होतं एकाच भिंतीचं. शाळेला सुट्टी लागली, बारकीला घेऊन ती बहिणीकडे निघाली, तेव्हा किल्ली त्याच्या हातावर ठेवून म्हणाली होती, "बारकीच्या खोलीतली ओल तेवढी बघ, जमलं तर. खोकला थांबत नाही तिचा." त्यानं भिंत खरवडायला घेतली आणि त्याच्या हातांना चेव आला. एक भिंत पांढरी झाली की शेजारची मळकट दिसते, हा धंद्यातला जुना नियम. शिवाय कोणीतरी घर बघायला येणार आहे, एवढं त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. रंगाऱ्याच्या कानाला या वाक्याचा एकच अर्थ कळतो. बघायला येणारा कशासाठी येणार आहे, हा विचार त्याच्या मनाला शिवलाच नाही.

मायलेकी परतल्या त्या संध्याकाळी ती दारातच थबकली. "एवढं सगळं कशाला?" एवढंच म्हणाली.

"आता केलंच आहे तर," तो म्हणाला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅल्युअर हजर.

अहवाल आला तेव्हा तो वकीलबाईंच्या ऑफिसात बसला होता. बाईंनी शेवटचं पान वाचलं, चष्मा काढला आणि त्याच्याकडे पहिल्यांदाच कौतुकानं पाहिलं.

"काय डोकं लावलंत हो! इतकी वर्षं वकिली करतेय, पण मलाही सुचलं नसतं हे."

"काय ते?"

"अहो, रंग! 'सुस्थितीत, नुकतेच संपूर्ण नूतनीकरण'. किंमत कुठल्या कुठं गेलीय. तुमचा वाटा चांगलाच वाढला. आणि त्यांना एवढं कर्ज मिळणार नाही, म्हणजे घर बाजारात जाणार. तिथं आणखी जास्त येतील."

उभ्या संसारात डोकं न लावल्याबद्दल त्यानं बोलणी खाल्ली होती, आणि आता न लावलेल्या डोक्याचं कौतुक होत होतं. तो काही बोलणार तेवढ्यात खिशातला फोन वाजला. तो उठून जिन्यात गेला.

"अभिनंदन," पलीकडून मुलीची आई म्हणाली.

"अगं, मला खरंच—"

"अकरा वर्षं मी त्या भिंतीसाठी तुझ्या मागं लागले. जगाची घरं रंगवत हिंडलास. पोरीच्या उशाशी ओल होती, पण तुला सवड नव्हती. आता बरी सवड मिळाली."

"बारकीच्या खोकल्यासाठी केलं गं मी."

"बारकीला मध्ये आणू नकोस. खोकल्याला एक भिंत पुरली असती. जास्त पैसे हवे होते तर तोंडानं मागायचे होतेस. फसवलंस कशाला?"

फोन बंद झाला. तो जिन्यातच उभा राहिला. उशिरा येणारा, विसरणारा, मित्रांना पैसे देऊन बसणारा, ही सगळी विशेषणं त्यानं मान खाली घालून ऐकली होती, कारण ती खरी होती. पण रंगाचा एक हात मारून दोन हातांचे पैसे त्यानं कधी कुणाकडून घेतले नव्हते. फसवलंस हा शब्द त्याच्या घशाखाली उतरेना. त्यानं तिला पुन्हा फोन लावला. तिनं उचलला नाही.

पुढचे काही दिवस त्याला चैन म्हणून पडेना. तो राहायचा रंगाच्या दुकानाच्या गोदामावरच्या माळ्यावर. दुकानदार जुना स्नेही, त्यानं भाडं न घेता जागा दिलेली. खाली डबे, वर हा. थिनरच्या वासानं डोकं जड व्हायचं, म्हणून तो उठून रस्त्यावर चकरा मारायचा, चकरा मारून दमला की पुन्हा वर यायचा. कामावर एकच भिंत दोनदा घासायचा. जेवायला बसायचा आणि डबा न उघडताच उठायचा.

त्याच्या चकरांना आणखी एक कारण होतं, आणि त्याची त्याला लाज वाटत होती. कोर्टानं सांगितलं होतं, की मुलीला रात्री ठेवून घेता येईल अशी नीट जागा केलीत, तर महिन्यातून दोन वेळा ती मुक्कामाला येईल. तोवर फक्त रविवारी दिवसा. वाढलेल्या वाट्यात अशी जागा सहज झाली असती. बारकीसाठी छोटा पलंग, पलंगापाशी दिवा, भिंतीला तिला आवडतो तो फिका निळा रंग. चालता चालता तो ती खोली मनात रंगवून काढायचा, आणि मग दचकायचा. हे घर विकल्यावरच ती खोली होणार होती.

शेवटी एका दुपारी तो तिच्या हॉस्पिटलात गेला. ती चौकशीच्या खिडकीत बसायची. खिडकीपुढं ही रांग. मधे घुसायला जावं तर लोक ओरडणार, म्हणून हाही रांगेत उभा राहिला.

"कोणता वॉर्ड?" तिनं मान वर न करता विचारलं.

"मी आहे."

तिनं वर पाहिलं. "ही काय जागा झाली?"

"तू फोन उचलत नाहीस. दोन मिनिटं ऐक. मी कमी घेतो. आधीचं घर जसं होतं तसंच धर, तेवढ्याचं निम्मं दे."

"नको."

"अगं, मी आपणहून म्हणतोय."

"म्हणूनच नको. उद्या बारकी मोठी झाली की कोणीतरी तिला सांगणार, तुझ्या बापानं हे घर तुझ्या आईला सोडलं. मला सोडलेलं घर नको. जेवढ्याचं आहे तेवढे पैसे मोजून घेईन, नाहीतर विकून मोकळी होईन." तिचा आवाज वाढला नव्हता. दिवसभर परक्या माणसांना वॉर्ड सांगून सांगून तो एका पट्टीत बसला होता. फक्त समोरचं पेन ती पुन्हा पुन्हा उघडत होती आणि मिटत होती.

मागं उभ्या असलेल्या म्हाताऱ्यानं रंगाऱ्याच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं. "कमी घेतो म्हणतायत तर द्या की ताई. असं गिऱ्हाईक मिळत नाही."

"आजोबा, तुमचा पेशंट कोणत्या वॉर्डात?" ती म्हणाली, आणि रंगाऱ्याला बाजूला व्हावं लागलं.

रविवारी तो बारकीला न्यायला घरी गेला. बारकीनंच दार उघडलं. आई आत आंघोळीला गेली होती. बारकी चपला शोधत पलंगाखाली शिरली आणि तिथूनच बातम्या देऊ लागली. "बाबा, काल एक काका फोटो काढायला आले होते. माझ्या खोलीचेपण काढले. आई म्हणते आपण मावशीच्या घराजवळ राहायला जायचं. तिकडं शाळेत पोहायला शिकवतात." थोडा वेळ नुसती खुडबुड ऐकू आली. "पण तिकडं माझ्या ओळखीचं कुणी नाही."

रंगारी पलंगामागच्या भिंतीपाशी उभा होता. खिशात खरवडायची पट्टी होती, ती त्याच्या खिशात कायमच असे. त्याच्या मनात आलं, इथं दोन ठिकाणी फोडायचं, बाहेरच्या चिरेचा मसाला उकरायचा, आठवड्यात ओल परत येईल. मग नवा अहवाल, जुनी किंमत. त्यानं पट्टी काढली आणि तिची धार भिंतीला टेकवली. एक ओढ पुरली असती. त्याचा हात हलेना.

"काय करतोस?" बारकी बाहेर आली होती. एक चप्पल पायात, एक हातात.

"बघतोय, पक्कं बसलंय का."

"बसलंय. मी रोज रात्री हात लावून बघते. आधी बोट ओलं व्हायचं. आता नाही होत."

त्यानं पट्टी खिशात टाकली. तो दिवस त्यानं बारकीला बागेत फिरवण्यात घालवला, पण तिचं निम्मं बोलणं त्याच्या कानांवरून गेलं. ती एकदाही खोकली नव्हती, हे त्याच्या ध्यानात आलं संध्याकाळी, तिला परत सोडताना.

मुदत संपायला पंधरवडा उरला आणि त्याला वाट सापडली, तीही शिडीवर. एका घरात काम चाललं होतं आणि खाली मालक आणि घर सोडणारा भाडेकरू हमरीतुमरीवर आले होते. मालकाला अनामत परत द्यायची नव्हती. भाडेकरू गडी काही ऐकत नव्हता. "स्वयंपाकघराचा ओटा मी माझ्या पैशानं केलाय. घर तुमचं, कबूल. ओटा माझा. त्याचे पैसे वेगळे काढा, मग बोला."

वर रंगाऱ्याचा ब्रश हवेतच थांबला. रंगाचा थेंब मालकाच्या टकलावर पडला आणि भांडणाला तिसरा पक्ष मिळाला. पण रंगारी तोवर शिडी उतरला होता.

तो तसाच, रंगानं माखलेल्या कपड्यांनिशी, वकीलबाईंच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. खुर्चीला डाग पडेल म्हणून बसला नाही. "मॅडम, घर आमचं दोघांचं. पण रंग माझ्या एकट्याचा. घटस्फोटानंतर केलाय, माल माझा, मेहनत माझी. तो घराच्या किमतीत धरायचाच कशाला? घर होतं तसं धरा. रंगकामाचं बिल मी वेगळं देतो. ते तिनं द्यावं."

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. "करता येईल. दोघांची संमती असेल तर व्हॅल्युअर पुरवणी अहवाल देईल. पण घर आधी कसं होतं याला काही पुरावा?"

त्यानं फोन काढला. काम सुरू करण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढून ठेवायची त्याची पद्धत होती, पुढच्या गिऱ्हाइकाला फरक दाखवायला. स्वतःच्या घराचेही त्यानं हाताच्या सवयीनं काढले होते. हॉलमधले पोपडे, छताला धरलेली बुरशी, आणि बारकीच्या पलंगामागचा तो डाग, जमिनीपासून उशीच्या वर हातभर चढलेला. तो फोटो एकेक सरकवत गेला. या भिंतींसमोर तो इतकी वर्षं जेवला होता, झोपला होता. दुसऱ्याच्या घरात असा डाग दिसता तर त्यानं मालकाला सुनावलं असतं. त्याला स्वतःची शरम वाटली.

"विचार करा," वकीलबाई म्हणाल्या. "त्या बिलात आणि वाढलेल्या वाट्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुम्ही मुलीसाठी जागा घेणार होतात. त्या माळ्यावर मुलीला रात्रीची ठेवायला कोर्ट हो म्हणणार नाही."

"माहीत आहे."

"मग?"

"मग रविवार आहेतच की," तो म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघू लागला.

मुलीच्या आईकडे कागद गेले. दोन दिवस काहीच कळलं नाही. मग वकीलबाईंचा फोन आला. ती तयार होती. तिची अट एकच, बिल बाजारभावानं लावायचं आणि पैसे ती काम तपासून देणार, कुठलंही गिऱ्हाईक देतं तसे.

मुदतीच्या आत कर्ज झालं, निम्मी रक्कम त्याच्या खात्यात आली, हक्कसोडपत्रावर त्याची सही झाली. सही करताना कारकुनानं सवयीनं विचारलं, "राजीखुशीनं ना?" दोघंही एकदमच हो म्हणाले. लग्नानंतर एवढं एकमत क्वचितच झालं असेल.

त्याच संध्याकाळी तो बिल घेऊन गेला. किल्ली त्यानं केव्हाच परत केली होती, म्हणून घंटी वाजवली. बारकी शिकवणीला गेली होती. मुलीच्या आईनं बिल हातात घेतलं आणि त्याच्यासोबत खोल्या फिरू लागली. तिनं खरोखरच तपासलं. कोपऱ्यांत वाकून पाहिलं, दारांच्या वरच्या कडांवरून बोट फिरवलं. बारकीच्या खोलीत विजेच्या बटणांपाशी थांबली.

"इथं ओघळ आलाय."

खरंच आला होता. त्यानं पॉलिशपेपर काढला, ओघळ घासला, पिशवीतल्या डबीतून बोटभर रंग लावला. काम होईपर्यंत ती बाजूला उभी राहिली.

"मजुरी कमी लावलीयस," बिलावर बोट ठेवून ती म्हणाली. "मी बाहेर चौकशी केलीय. दुसऱ्यांना किती लावतोस?"

"ओळखीत एवढीच लावतो."

"ओळख धरू नकोस."

त्यानं आकडा खोडला आणि खरा लिहिला. ओटा टेकायला बरा पडतो म्हणून स्वयंपाकघरात जाऊन लिहिला, आणि लिहून झाल्यावर तिथं फार वेळ उभं राहणं आता बरं दिसणार नाही असं वाटून लगेच बाहेर आला. तिनं पैसे दिले. त्यानं बिलावर 'पैसे पोचले' असं लिहून सही केली. तिनं पाणी विचारलं, तो नको म्हणाला. तिला आणखी काही म्हणायचं असावं असं त्याला वाटलं, पण याबाबतीत आपण नेहमी चुकतो हे आता त्यालाही कळून चुकलं होतं, म्हणून तो चपला घालू लागला.

समोरच्या ब्लॉकचं दार उघडं होतं. तिथं नुकतंच कोणीतरी राहायला आलेलं दिसत होतं, बाहेर खोक्यांची चळत होती. त्यातून वाट काढत एक गृहस्थ पुढं आला. त्यानं रंगाऱ्याच्या हातातली पिशवी पाहिली, कपडे पाहिले आणि त्याच्या खांद्यावरून आत, हॉलच्या भिंतीकडे पाहिलं.

"हे काम तुमचं का हो? आमच्याकडेही भिंतीला ओल आहे. रंगारी शोधतोय मी. पण हल्ली माणसं पैसे घेतात आणि नुसता वरून रंग फासून जातात."

रंगाऱ्याला आपली कामं सांगायची इतकी सवय, पण आत्ता त्यानं ती सांगितली नाहीत. त्यानं चपलेत पाय सरकवला आणि आपल्या पाठीमागच्या दाराकडे हात केला.

"मालकीणबाई घरातच आहेत," तो म्हणाला. "त्यांना विचारा ना."

मुलीची आई दार लावायला आली होती. दाराच्या कडेवर हात ठेवून ती क्षणभर तशीच थांबली. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. तो दुसरी चप्पल शोधत होता, आणि ती तर त्याच्या पायाशीच होती.

"बिनधास्त द्या यांना काम," ती म्हणाली. "वेळ लावतील थोडा. पण फसवणार नाहीत."

"बस, एवढंच हवंय," तो गृहस्थ म्हणाला. "येता का आत? आत्ताच बघून घ्या."

मागं दार हळूच लागलं. रंगाऱ्यानं डोळ्यांवरून बाही फिरवली, पिशवी उचलली आणि खोक्यांमधून वाट काढत तो समोरच्या घरात गेला. ओलीची भिंत आतल्या खोलीत होती. त्यानं तिला तळहात लावला आणि लावून ठेवला.

"या खोलीत कोण झोपतं?" त्यानं विचारलं.

"आमचा धाकटा."

"मग याला उशीर नको," तो म्हणाला. "उद्या सकाळी येतो."